पितळखोऱ्यातला सोनार

कन्नडच्या घाटात ट्रकांच्या मागे धूर खात जो वेळ गेला, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. घाट चढला की जिल्हा बदलतो. पितळखोरा कन्नड तालुक्यात, म्हणजे कागदावर मराठवाड्यात. पण चाळीसगावकर लेणी आपलीच मानतात, आणि आम्ही जळगावचेही.

सोबत मित्र होता, सराफ बाजारातला कारागीर. "दगडं पाहायला सुटी घालवली भो," हे त्याचं पायऱ्या संपेपर्यंत चालू होतं.

बौद्ध लेणी, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची. खडक कच्चा, त्यामुळे दर्शनी भाग कधीच ढासळलेला. चैत्यगृहातले, म्हणजे प्रार्थनेच्या दालनातले, बरेच खांब आता सिमेंटचे. छताला आधार लागतच असेल, पण ते गुळगुळीत खांब डोळ्यांना टोचतात. मूळच्या खांबांवर रंगीत चित्रांचे तुकडे उरलेत. एका खांबाचं दान पैठणच्या मितदेव नावाच्या गृहस्थाचं, तसा लेखच आहे.

शेजारी विहार, भिक्षूंच्या राहण्याची जागा. जोत्यावर हत्तींची रांग, बहुतेकांच्या सोंडा गेलेल्या. दाराशी भाला-ढाल घेतलेला द्वारपाल. इथे आमचे कारागीर एकदम गप्प. बसले उकिडवे, मान वाकडी करून. कानातलं दागिन्याचं वजन, पागोट्याची घडी, अंगरख्याची चुणी, एकेक बघत गेला. मग बोटाने हवेतच रेघ मारत म्हणाला, "हा पाथरवट नाही रे. याचा हात बारीक कामाचा आहे."

मी वाट बघत होतोच. इथल्या उत्खननात एक यक्ष सापडला. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर दोन्ही हातांनी वाडगं धरून तोंडभर हसणारा. त्याच्या हातावर लेख आहे: कण्हदास नावाच्या सोनाराने घडवला. द्वारपालही त्यानेच घडवला असं कुणी म्हणत नाही, पण मित्राला आता ते पटवून देण्याच्या फंदात कोण पडणार!

"नाव हातावर कोरलं? म्हणजे शिक्काच मारला की गड्याने! आमच्यात बिनशिक्क्याचा माल घ्यायला गिऱ्हाईक तयार नसतं." मग पुढचा प्रश्न, "कुठाय तो?"

दिल्लीत. राष्ट्रीय संग्रहालयात. मूर्ती तिथे सुखरूप आहे, याबद्दल तक्रार नाही. पण इथे त्याचा एखादा फोटो, साधी प्रतिकृती, निदान दोन ओळींचा फलक? मला तरी दिसला नाही. मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे तो हसरा चेहरा मित्राला दाखवताही येईना. मी हातवारे करून वाडगं, पोट, दात असं सगळं करून दाखवलं. वर बसलेल्या दोन पोरी खिदळल्या.

समोरच्या बाजूची स्तूप असलेली लेणी राहिली, ओढ्याला पाणी होतं. परतीत पाटणादेवीला हात जोडले, चाळीसगावात शेवभाजी हाणली. मित्र घास घेता घेता एकच विचारत होता, सोन्याचं काम सोडून हा माणूस दगडाकडे का वळला असेल, आणि मजुरी काय मिळाली असेल.