केकवर 'सहस्रचंद्रदर्शन' लिहून घेताना

आमची आजी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत आली. तिच्या सहस्रचंद्रदर्शनाला केकही आणायचा असं ठरलं, तेव्हा चव आणि आकारावर घरात लगेच एकमत झालं. प्रश्न त्यावरच्या अक्षरांचा होता. तो मी अंगावर घेतला.

केकवरच्या गमती आम्ही भरपूर पाहिल्या आहेत. काकांच्या निवृत्तीला फोनवरून सांगितलं होतं, 'काकांना शुभेच्छा' लिहा, त्याखाली 'सर्व परिवार'. केक उघडला तर सुरेख गुलाबी अक्षरांत 'काकांना शुभेच्छा त्याखाली सर्व परिवार'! काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. भाच्याच्या फोटो केकवर 'विनायक'चा 'वनिायक' झाला होता आणि पोरांनी ते नाव उच्चारायच्या शर्यती लावल्या. अशा केकांचे फोटो मी जपून ठेवलेत. पण आजीच्या केकवर तिचा शब्द बिनचूकच हवा होता.

पहिल्या बेकरीत काउंटरवरच्या मुलीनं वहीत लिहून घेतलं, 'सहस्त्र चंद्र दर्शन, आजी, मराठीत'. 'सहस्त्र' तर निमंत्रणपत्रिकांपासून फ्लेक्सपर्यंत सगळीकडे दिसतं, त्यामुळे तिला दोष कसा देणार? मी स-ला त्र नाही, नुसता र जोडायचा असं सांगितलं, तिनं खाडाखोड केली आणि आता तर वाचताच येईना. हीच चिठ्ठी आत जाणार होती. केक सजवणाऱ्याला भेटू द्या म्हटलं, तर आत कुणाला सोडत नाहीत.

फोटो केकसारखं छापून घ्यावं असंही मनात आलं. साखरेच्या पातळ शीटवर खायच्या शाईनं छापतात, तिथे हात थरथरायचा प्रश्न नाही. पण 'वनिायक' नेमका तिथेच जन्मला होता. देवनागरी नीट न हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर उमटते आणि पुढच्याच्या डोक्यावर बसते. जोडाक्षरंही सुटी होतात, पाय मोडलेली दिसतात. आमच्या शब्दात वेलांटी नव्हती, जोडाक्षरं मात्र एकापाठोपाठ एक. म्हणून हातानंच लिहून घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दुकानाच्या मालकांनी मला थेट कारागिराकडे नेलं. हे दादा बंगालचे. मी मोबाइलवरचा मजकूर दाखवला, तर म्हणाले, "पढ़ता नहीं हूँ दीदी, देखके बनाता हूँ. बड़ा लिखके दो." सगळं गणित मला तिथे उलगडलं. केकवर अक्षर वाचून लिहिलं जात नाही, चित्रासारखं काढलं जातं. समोर चुकीचं चित्र असेल, तर कितीही कसलेला हात चुकीचंच काढणार, आणि चिठ्ठीवरचं 'त्याखाली'सुद्धा इमानानं उतरवणार.

मग आम्ही बटर पेपरवर आठ इंची वर्तुळ आखलं. कडेची नक्षी सोडली तर मध्ये जेमतेम सहा इंच उरतात. शब्दात आठ अक्षरं, त्यात स्र, द्र आणि र्श. एका ओळीत दाटी झाली असती, म्हणून वर 'सहस्रचंद्र' आणि खाली 'दर्शन'. मी जाड पेनानं खऱ्या मापात लिहून दिलं. दादांनी क्रीम भरलेल्या कोनाचं टोक बारीक कापलं आणि आधी पालथ्या स्टीलच्या ताटावर गिरवलं. स्र-मधली तिरपी रेघ क्रीमनं भरून जात होती. पुसलं, कोन बदलला, पुन्हा गिरवलं. बंगाली अक्षरांनाही वर रेघ असते, त्यामुळे शिरोरेषा त्यांच्या हातातलीच होती. मी एवढंच सांगितलं की चं-वरचा अनुस्वार आणि र्श-चा रफार शिरोरेषा ओढून झाल्यावर द्या, नाहीतर रेघ त्यांच्यावरून जाते. रंग चॉकलेटी ठेवला, कारण पांढऱ्या क्रीमवर गडद लाल रंग ओघळतो.

माझं ठाम मत झालंय: मराठीत केक हवा असेल, तर मजकूर खऱ्या मापात, हातानं लिहून द्यावा, आणि कागदावर जे केकवर यायला नको असं एक अक्षरही लिहू नये. सूचना तोंडी द्याव्यात. खोका दुकानातच उघडून पाहावा. मी पाहिला, अगदी रफारापर्यंत.

आजीनं चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या आणि पहिला प्रश्न केला, "स्र कुणी काढला?" मी सगळी हकिगत सांगितली. "त्यांना सांग, पैकीच्या पैकी," ती म्हणाली. मग सुरी माझ्या हातात देऊन बजावलं, "स्रचा तुकडा माझा, तो मधोमध कापू नकोस." तेवढ्यात विनायकनं चंद्रावर हक्क सांगितला, काकांनी 'दर्शन' मागितलं, आणि शेवटी अक्षरांप्रमाणेच तुकडे पाडावे लागले.