नटाचा अर्धा फेरा

मोटरसायकल सर्व्हिसिंगला टाकली की मेकॅनिक ऑइल त्याच्या मनाने बदलतो, चेन त्याच्या मनाने ताणतो. मागच्या ब्रेकपाशी आला की मात्र मान वर करून विचारतो, "कडक ठेवू, का थोडा ढिला?" कंपनीच्या पुस्तकात पेडलचा प्ले, म्हणजे ब्रेक धरेपर्यंतची मोकळी चाल, साधारण 20 ते 30 मिलिमीटर असा छापलेला असतो, पण पुस्तक बघतो कोण! आमच्या वडिलांना नुसता बूट टेकवला की गाडी थांबायला हवी. मला पेडल जरा खाली जाऊन मग धरलेलं आवडतं. एकच गाडी दोघं चालवायचो तेव्हा तो मागच्या ब्रेकचा नट बिचारा आठवडाभर पुढेमागे फिरत असायचा.

या नटाची घडण बघण्यासारखी आहे. त्याच्या तोंडाला अर्धगोल खाच असते आणि पेडलकडून येणारा रॉड ज्या गोल पिनेतून जातो, तिच्यावर ती बसते. त्यामुळे नट फिरतो तो अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानेच, आणि खाच बसली की हाताला कळतं. मग गाडी स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवायचं. घासल्याचा आवाज आला तर अर्धा फेरा मागे. चाकाच्या मधल्या ड्रममध्ये आतून घासून चाक थांबवणारा लायनर झिजत जातो तसा प्ले वाढतो. म्हणजे ड्रम आपलं म्हातारपण तुमच्या तळपायाला सांगत राहतो. बाहेर प्लेटवर झिजेची खूण असते. बाण तिथवर पोचला की नट आवळून उपयोग नाही, नवे लायनरच टाकायचे.

चेन ताणताना चाक मागे सरकतं, त्याबरोबर रॉड ओढला जातो आणि ब्रेक आपोआप कडक होतो. म्हणून आधी ब्रेकचा नट सैल करावा, मग चेन. शेवटी मागचा लाल दिवा वेळेवर लागतो का तेही बघावं, त्याचा स्विच वेगळा जुळवावा लागतो.

पुढच्या ब्रेकची कथा निराळी. "पुढचा मारू नकोस, पडशील" हे ऐकतच आपल्याकडच्या पिढ्यान् पिढ्या गाडी शिकल्या. खरं तर ब्रेक लावला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी थांबवण्याचं जास्त काम तेच करतं. तरी कित्येक स्कूटरच्या पुढच्या केबलला पाना लागलेला नसतो. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक जोडलेले आणि त्यावरच्यांना चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं. माणसाचा पुढच्या ब्रेकवर विश्वास बसेना, तेव्हा कायद्यानेच त्याचा हात धरला म्हणायचं.

डिस्क ब्रेकला, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडनी चिमटीत धरणाऱ्या ब्रेकला, नट नाही. ती चिमटी म्हणजे कॅलिपर. त्यात पॅड ढकलणाऱ्या पिस्टनभोवती चौकोनी कडेची रबरी रिंग असते. लिव्हर दाबलं की ती किंचित पिळवटते, सोडलं की मूळ आकारात येताना पिस्टनला मागे ओढते. पॅड झिजला तर पिस्टन रिंगमधून तेवढा पुढे सरकून बसतो, आणि लिव्हर पहिल्या दिवशी होतं तसंच लागत राहतं. सोय मोठी, पण मला हा गप्पपणा आवडत नाही. हँडलवरच्या डबीच्या काचेत ब्रेक ऑइल खाली गेलेलं दिसलं की लोक वरून ओततात. आधी पॅड बघावा! ऑइल पुष्कळदा पिस्टनमागच्या वाढलेल्या जागेत गेलेलं असतं. नवे पॅड घालताना पिस्टन मागे दाबला की डबी भरून वाहते आणि रंगाची साल निघते.

गंमत म्हणजे इंग्रज इंजिनिअर लँचेस्टरचं डिस्कचं पेटंट आणि फ्रान्सच्या रेनोचा ड्रम, दोन्ही 1902 चेच. डिस्कला नाव मिळायला मात्र 1953 उजाडलं, डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने फ्रान्समधली ल मान्सची मोटारशर्यत जिंकली तेव्हा.

डिस्कचं ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोकणातल्या दमट हवेत तर त्याला आयतंच मिळतं. डॉट 4 या प्रतीचं ताजं ऑइल 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती हद्द 155 पर्यंत उतरू शकते. वरंधा घाट मोठ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय-हात ठेवून उतरणाऱ्याला हे उकळणं महागात पडतं. वाफ दाबली जाते आणि लिव्हर हँडलला टेकतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्यातच उतरावं. शिवाय मी मध्येच टपरीवर गाडी उभी करतो. घरचे म्हणतात, चहाची तलफ. आहेच, पण तेवढ्यात डिस्कही निवते.