पाय अजून शुक्रवारातच होता

गाणगापूर, अक्कलकोट आणि मधे मामाकडे मुक्काम असं करून सोमवारी संध्याकाळी आठला घरी पोचलो. मे महिना, बंद घर, दार उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ. आमच्या अण्णांची सवय अशी की गावाला जायचं म्हटलं की नुसता मेन स्विच पाडून त्यांचं समाधान होत नाही, घरातला एकेक प्लग उपटून ठेवतात, फ्रीजचं दार उघडं ठेवून त्यात वर्तमानपत्र घालतात, मगच कुलूप. त्या उपटाउपटीत माझा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) पण जातो, शटडाऊन वगैरे काही नाही, सरळ खेचायचं.

तर आल्यावर सगळे प्लग परत लावले, राउटरचे दिवे हिरवे झाले, वायफाय आलं, आणि इंटरनेट मात्र नाही. आईची सिरियल नाही, बायकोचा व्हॉट्सअ‍ॅप गोल गोल फिरतोय, आणि तिला गल्लीच्या ग्रुपवर बघायचं होतं की पाणी उद्या येणार की परवा (सोलापुरात हा प्रश्न इंटरनेटपेक्षा मोठा आहे, इथं पाणी रोज येत नाही, त्याचा वार लक्षात ठेवावा लागतो). मी म्हटलं बहुतेक पाय बंद पडलाय, तर आई आतून घाबरून, "कुणाचा पाय?"

मागच्या वर्षी हौसेनं त्या पायवर पाय-होल टाकलं, म्हणजे घरातल्या सगळ्या मोबाइल-टीव्हीच्या जाहिराती तिथेच अडतात, आणि त्याच्या मागे अनबाउंड, म्हणजे साइटचे पत्ते विचारायला बाहेरच्या कुठल्या कंपनीच्या डीएनएसकडे (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारी यंत्रणा) जायचं नाही, आपणच मुळापासून शोधायचे. लई भारी चालतं. फक्त ते बसलं की घरातलं सगळंच बसतं, आणि मग चार जण एका रांगेत उभे राहून माझ्याकडे बघतात.

आधी संशय उन्हावर. पाय 4 हा 80 डिग्रीला गेला की स्वतःच वेग कमी करतो, आणि आमचा तो टीव्हीच्या कपाटात कोंडलेला. पण बघितलं तर 66. मग केबलवाल्याला फोन, त्यानं नेहमीप्रमाणे "सर राउटर ऑफ-ऑन करा", केलं. पायसुद्धा दोनदा रीबूट केला. काही नाही. मित्राला फोन लावला तर तो जेवत होता, म्हणे "काय करलालास बे रात्रीचं, राउटरमधे दुसरा डीएनएस 8.8.8.8 टाक की अन् झोप." ते, म्हणजे गूगलचं डीएनएस, मी मुद्दाम टाकलेलं नाही. दोन डीएनएस दिले की डिव्हाइस वाटेल तेव्हा वाटेल त्याला विचारतात, मग जाहिराती अर्ध्या येतात अर्ध्या नाही आणि नेमकं काय चाललंय तेच कळत नाही.

मग लॅपटॉप घेऊन बसलो नीट. 8.8.8.8 ला पिंग केलं, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघितलं, तर जातंय, म्हणजे लाइन ठणठणीत, केबलवाल्याला उगीच त्रास दिला. नावानं पिंग केलं तर नाही. म्हणजे डीएनएसच. डिग मारलं, म्हणजे पायला एका साइटचा पत्ता विचारला, तर उत्तर सर्व्हफेल, पत्ता देता येत नाही. वैताग. सहज म्हणून त्याच डिगला पुढे प्लस-सीडी लावलं, म्हणजे उत्तर खरं असल्याच्या डिजिटल सह्या तपासू नको, नुसतं उत्तर दे, आणि पट्कन पत्ता आला! म्हणजे पत्ते मिळतायत, पण अनबाउंड ते खोटे समजून फेकून देतंय. का बरं?

पायवर डेट टाइप केलं. शुक्रवार, सकाळचे सव्वाआठ. बाहेर सोमवारची रात्र, सव्वादहा वाजलेले.

झालं होतं असं की पाय 4 मधे घड्याळाची बॅटरी नसते (पाय 5 मधे घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी घेऊन लावावी लागते). कॉम्प्युटर बंद असतानाही वेळ चालू राहते ती आतल्या छोट्या सेलवर, इथं तो सेलच नाही. त्याऐवजी फेक-एचडब्ल्यूक्लॉक नावाची एक जुगाडू गोष्ट असते, ती दर तासाला त्यावेळची वेळ मेमरी कार्डवर लिहून ठेवते आणि चालू झाल्यावर तिथून पुढे मोजायला लागते. माझ्याकडे ती दर तासाला 17 मिनिटांनी चालते. अण्णांनी शुक्रवारी साडेसहाला प्लग खेचला, म्हणजे शेवटची नोंद 6:17 ची, आणि सोमवारी रात्री सव्वाआठला पाय उठला तो 6:17 पासून. त्याच्या दृष्टीनं आम्ही अजून बसस्टँडवरच.

आता डीएनएसच्या सह्यांवर तारीख असते, कधीपासून कधीपर्यंत चालेल ती. शनिवार-रविवारी नव्यानं झालेली सही शुक्रवारात बसलेल्या पायला दिसली की तो पुढच्या तारखेचा चेक झाला, कोण वटवणार? आणि या सह्या अगदी वरच्या मुळापासून तपासल्या जातात, त्यामुळे ज्या साइटनं सही वगैरे काही केलेलीच नाही तीसुद्धा अडकते. बरं, मग वेळ दुरुस्त का होत नाही, तर ती एनटीपीवरून (इंटरनेटवरून बरोबर वेळ आणायची सोय) येते, आणि एनटीपी सर्व्हरचा पत्ता शोधायला डीएनएस लागतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही.

माझं डोकं अडलं ते वेगळ्याच गोष्टीवर. लाइट तर आमच्याकडे उठसूट जाते, दोन-दोन तास जाते, तेव्हा कधी असं झालं नाही. त्याचं उत्तर अनबाउंडच्या सेटिंगात मिळालं: सहीच्या एकूण मुदतीच्या दहा टक्के इतका फरक ते चालवून घेतं, कमीत कमी एक तास, जास्तीत जास्त एक दिवस. दोन तास चुकलं तर खपून जातं, साडेतीन दिवसांना कोण सोडणार. म्हणजे हा बिघाड वर्षभर तिथेच बसलेला होता, आम्ही एवढे दिवस कुठे गेलोच नव्हतो म्हणून कळला नाही.

हातानं वेळ टाकली आणि दहा सेकंदांत हॉलमधून सिरियलचं टायटल साँग. अण्णांना सगळं समजावलं तर म्हणाले, तुझे आजोबा गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे, तुमच्या इंटरनेटला भोंगा नाही काय? आहे की, एनटीपी म्हणजे भोंगाच, फक्त माझ्या पायनं कान बंद करून घेतलेले.

त्या रात्री तात्पुरतं एवढंच केलं की वेळ विचारायच्या सर्व्हरचं नाव न देता सरळ आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, टाकला, गूगलच्या टाइम सर्व्हरचा 216.239.35.0, म्हणजे पत्ता शोधायची भानगडच नको. तेवढ्यानंही काम भागतं. पण आयपी काय, उद्या बदलेल, म्हणून डीएस3231 चं घड्याळाचं छोटं मॉड्यूल मागवलं, त्यात बटण सेल बसतो आणि वर्षाला फार तर मिनिटभर चुकतं. चार वायरी. पॉवर 5 व्होल्टच्या पिनला नाही, 3.3 ला द्यायची, कारण पायच्या पिना 3.3 च्या वरचं सहन करत नाहीत, आणि यातल्या बऱ्याच बोर्डांवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं, त्यात साधा सीआर2032 घालून 5 व्होल्ट दिले की न चार्ज होणारा सेल चार्ज व्हायला बघतो. मी पहिल्यांदा डेटा आणि क्लॉकच्या वायरी उलट्या लावल्या आणि अर्धा तास मॉड्यूलवाल्याला शिव्या घातल्या, ते जाऊ दे. कॉन्फिग फाइलमधे एक ओळ, रीबूट, आणि फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकलं, नाहीतर दोन घड्याळं भांडतात.

काल रात्री नेटवर्कची केबल काढून पायचा प्लग उपटला (अण्णांनाच सांगितलं उपटायला, मनापासून उपटला त्यांनी) आणि सकाळी केबल न लावताच चालू केला. मोबाइलशी ताडून बघितलं, वार बरोबर, तास बरोबर, सेकंद पण जवळपास तेच. मॉड्यूल अजून चिकटपट्टीनं कपाटाच्या आत लटकतंय, त्याला डबी शोधायची आहे.