नामिबियाच्या किनाऱ्याजवळचा निळा पट्टा
उपग्रहाच्या कार्बन डायऑक्साइडच्या डेटावर काम करते असं मी सांगते खरं, पण माझा निम्मा दिवस ढग शोधण्यातच जातो. ओसीओ-२ हा नासाचा उपग्रह जुलै २०१४ मध्ये वर गेला, तो रोज जवळपास दहा लाख मापं घेतो आणि त्यातली दहातली नऊ तरी ढग किंवा धुळीमुळे बाद होतात. एवढा डेटा टाकून द्यायचं माझ्या जिवावर यायचं, म्हणून मी स्वतःचा एक जरा सैल फिल्टर लिहिला, त्यात फक्त दाबाची चाचणी ठेवली होती.

ती चाचणी मला फार आवडते. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण ठरलेलं, जवळपास २१ टक्के, त्यामुळे पृथ्वीवरून परत फिरून उपग्रहाकडे येणाऱ्या सूर्यप्रकाशात, ०.७६ मायक्रॉन तरंगलांबीजवळ, ऑक्सिजननं किती प्रकाश गिळला ते बघितलं की तो किती हवेतून आला ते कळतं, म्हणजेच जमिनीलगतचा दाब कळतो. प्रकाश ढगावरूनच परत फिरला असेल तर दाब कमी भरतो. हवामान मॉडेलच्या दाबापेक्षा २५ हेक्टोपास्कलहून जास्त फरक पडला की माप ढगाळ धरायचं. सरळ हिशोब.

त्या दिवशी मी २०१६ चा डेटा या फिल्टरमधून काढला आणि नकाशावर नामिबियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर एक निळा पट्टा दिसला, तिथे कार्बन डायऑक्साइड आजूबाजूपेक्षा तीनेक पीपीएम (दहा लाखांत तीनेक भाग) कमी. माझी छाती धडधडायला लागली. तिथे बेंग्वेला प्रवाह आहे, खालचं थंड पोषक पाणी वर येतं, प्लवक म्हणजे पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव भरपूर, मला वाटलं तेच कार्बन ओढतायत आणि ते आपल्याला वरून दिसतंय!

मॅडमना दाखवलं. त्या दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "अगं, हे माप समुद्रापासून वरपर्यंतच्या अख्ख्या हवेच्या स्तंभाचं आहे, नुसत्या समुद्रानं तीन पीपीएम खाली येईल का? आणि या किनाऱ्यावर वर्षातले कितीतरी महिने काय पसरलेलं असतं?"

मी लगेच ॲक्वा उपग्रहावरच्या मोडिस या कॅमेऱ्यासारख्या उपकरणाचं चित्र उघडलं, तेव्हा ॲक्वा आणि ओसीओ-२ एकाच वाटेनं काही मिनिटांच्या अंतरानं जायचे. माझ्या पट्ट्यावर सपाट करडी चादर. स्ट्रॅटोक्युम्युलस, अगदी खालचा ढग.

मग माझ्या चाचणीतून तो सुटला कसा? ढग इतका खाली की त्याच्यावरून परत फिरलेल्या प्रकाशाची वाट थोडीच कमी होते, आणि ढगाच्या आत थेंबाथेंबावर आपटत फिरताना ती परत वाढते. वजाबाकी-बेरीज होऊन दाब जवळपास बरोबर येतो! हे मी कधीतरी वाचलेलं होतं, पण समोर बघितल्यावर डोक्यात बसलं.

यासाठीच दुसरी चाचणी असते. १.६१ आणि २.०६ मायक्रॉन, या दोन तरंगलांबींजवळ कार्बन डायऑक्साइड प्रकाश शोषतो, दोन्हीतून त्याची वेगवेगळी मोजणी करून भागाकार करायचा. आकाश मोकळं असेल तर उत्तर एकच्या जवळ. पण पाण्याचे थेंब दोन्ही ठिकाणी प्रकाशाला सारखं वागवत नाहीत, २.०६ ला ते जास्त प्रकाश शोषतात, त्यामुळे ढगात दोन्ही वाटा वेगळ्या होतात आणि भागाकार एकपासून ढळतो. ही चाचणी मी डेटा वाचवायच्या नादात काढून टाकली होती.

ती परत घातली, प्रोग्राम चालवला. पट्टा जवळजवळ पूर्ण गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, सकाळभर मी त्या प्लवकांवर विश्वास ठेवला होता.

पण काही बिंदू उरले, ढगाच्या कडेला, मोडिसच्या चित्रात स्वच्छ पाणी दिसतं तिथे. दोन्ही चाचण्या पास, तरी किंचित कमीच. ढगाच्या बाजूवरून उडालेला प्रकाश शेजारच्या मोकळ्या मापात शिरतो आणि आपलं गणित तर आकाश सगळीकडे सारखं धरून चालतं. संध्याकाळी मॅडम निघताना म्हणाल्या, "ते टाकू नकोस, प्रत्येक बिंदूचं जवळच्या ढगापासूनचं अंतर काढ." ती यादी मी त्याच रात्री करायला घेतली.