किती वाजता?

डिसेंबर लागला की आमच्या फोंड्याच्या घरी पाहुण्यांच्या गाद्या उन्हात पडतात. पुण्याची पुतणी यंदा कॉलेजला दांडी मारून नाताळच्या आठवडाभर आधीच आली, आणि येताना फोनमध्ये यादी घेऊन आली. कुठे कसलं प्रदर्शन, कुठे नाच, कुठलं संग्रहालय कुठल्या वारी बंद. कथक शिकते ती, त्यामुळे समुद्राचं फारसं कौतुक नाही. यादीतल्या प्रत्येक नावापुढे वेळ. ‘काकू, यातलं तू काय काय पाहिलंयस?’ मी यादी वरखाली केली आणि चहा ठेवायला उठले.

सुरुवात पणजीपासून केली. सेरेंडिपिटी महोत्सव 2016 पासून डिसेंबरच्या मध्याला भरतो आणि त्या दिवसांत मांडवीकाठच्या जुन्या इमारतींचे बंद दरवाजे उघडतात. त्यातली एक म्हणजे जुनं जीएमसी, गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. पोर्तुगीजांनी 1842 मध्ये काढलेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं हे कॉलेज पुढे बांबोळीला गेलं, आणि आता तिथे चित्रं नि मांडणशिल्पं. सासूबाईंनाही बरोबर घेतलं होतं. एका अंधाऱ्या खोलीत छतापासून पांढरी कापडं सोडली होती, खालून दिवे, कुठूनतरी पाण्याचा आवाज. पुतणी भिंतीवरचा मजकूर मन लावून वाचत होती. सासूबाई रखवालदाराच्या खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, ‘तुझा काका इथलाच.’ म्हणजे जन्माने. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी आली आणि तिने त्यांना अदबीने विचारलं, ‘आजी, हे पाहून तुम्हांला काय वाटलं?’ सासूबाई म्हणाल्या, ‘मला इथे तीन दिवस नुसती पेज दिली होती.’ मुलीने ते वहीत लिहून घेतलं. मला अजून वाटतं, त्या दिवसातला सगळ्यात खरा अभिप्राय तोच असणार.

दुसऱ्या दिवशी पिळर्ण. सुबोध केरकरांनी 2015 मध्ये औद्योगिक वसाहतीत उघडलेलं म्युझियम ऑफ गोवा. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की ‘मोग’ होतं, आणि कोकणीत मोग म्हणजे प्रेम. पुतणीला हे फार आवडलं. परतीच्या वाटेवर दिसेल त्या पाटीची आद्याक्षरं जोडत बसली.

तिचा खरा पेच मात्र घुमट या वाद्याचा होता. एका संग्रहालयात काचेआड ठेवलेलं पाहिलं तिने. मडकं, दोन्ही बाजूंना तोंडं, मोठ्या तोंडावर ताणलेलं कातडं. खाली पट्टीवर नाव, आणि वर ‘हात लावू नये’. ‘हे वाजतं कसं?’ आता हे तोंडाने कसं सांगायचं? पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लागायचं, त्यावर बंदी आली, आता बकऱ्याचं लावतात. 2019 मध्ये सरकारने त्याला गोव्याचं वारसा वाद्य ठरवलं. हे सगळं सांगितलं, पण आवाज कुठून आणू? शेवटी वाड्यावरच्या एका मुलाने गणेशचवथीपासून माळ्यावर पडलेलं घुमट खाली काढलं. वाजवून पाहिलं तर ढप्प. कातडं सैल पडलेलं. तासभर उन्हात ठेवलं, मग घुमलं. डावा हात मागच्या लहान तोंडावर उघडझाप करतो आणि आवाज आत ओढल्यासारखा होतो, हे तिने त्याच्या अगदी जवळ बसून पाहिलं. हेच घुमट आमच्याकडे चवथीच्या आरतीला आणि ख्रिस्ती घरांत मांडो ही कोकणी गाणी गाताना.

यादीत जत्रेचं नाटक नव्हतं, ते मी घातलं. जाहिरातीवर ‘रात्री ठीक 10 वाजता’ असतं. त्यातला ‘ठीक’ कुणी मनावर घेत नाही. आधी पालखी फिरणार, मग पावणी. देवाला आलेल्या वस्तूंचा लिलाव, आणि एका नारळावरून दोघं इरेला पेटले की संपलं. तोवर खाज्यांचा पुडा रिकामा होतो, मुलं गोधडीत झोपतात. पडदा वर गेला तेव्हा साडेबारा झाले होते. राजाच्या भूमिकेत आमचा गॅस सिलिंडरवाला, आणि मराठी अशी लखलखीत की सकाळी सिलिंडर उचलताना हाच का तो, असा प्रश्न पडावा. पुतणी दुसऱ्या अंकात माझ्या खांद्यावर झोपली.

शिवोलीचा जागर तरी वेळेवर असेल म्हणून तिने तारीख विचारली. नाताळानंतरचा पहिला सोमवार, एवढंच मला ठाऊक. हिंदू आणि ख्रिस्ती मिळून जागवतात ती रात्र. ‘पण किती वाजता?’ मी शिवोलीतल्या मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, ‘रात्री गो.’

यंदा पौष नाताळातच लागला, म्हणून धालोही, म्हणजे पौषातल्या रात्रीचे बायकांचे नाच, तिला मिळाले. भातं घरात आलेली, पौषात लग्नं नाहीत, बायकांना कधी नव्हे ती सवड. वाड्यावरचा मांड, म्हणजे नाचायचं अंगण, शेणाने सारवला होता. शेजारची वहिनी त्यात पहिल्या फळीतली. तिला मी एकदा पणजीतल्या एका मोठ्या मंचावरही पाहिलेलं. त्या वेळी दहा मिनिटं दिली होती. धालोत बायकांच्या दोन ओळी समोरासमोर असतात, एकमेकींच्या कमरेमागून हात गुंफलेले. एक ओळ गाते, दुसरी तेच झेलून परत गाते, आणि वाकत, पुढेमागे सरकत रात्र सरते. संयोजकांना अडचण अशी की असं उभं राहिलं तर प्रेक्षकांना नुसते खांदे दिसतात. मग दोन्ही ओळी उघडून पुस्तकासारख्या प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवल्या. सगळ्यांच्या एकरंगी साड्या, अबोलीचे वळेसर, फोटो सुरेख आले. पण तिसऱ्या गाण्याला वहिनी अडखळली. तिला म्हटलं, घाबरलीस काय? तर म्हणाली, ‘घाबरते कसली! समोर ती नसली की मला पुढची ओळ सुचत नाही.’

ती म्हणजे पलीकडच्या ओळीत नेमकी तिच्यासमोर येणारी. पंचवीस वर्षं तीच. दोघींचं अधूनमधून बोलणंही बंद असतं, आंब्याच्या फांदीवरून वगैरे, पण मांडावर जागा बदलत नाहीत.

त्या रात्री पुतणी आधी फोन घेऊन कडेला उभी होती. अंधार इतका की चित्रीकरणात नुसत्या बांगड्या वाजत होत्या. ‘मुख्य कार्यक्रम कधी सुरू होणार?’ तिने मला हळूच विचारलं. बायका तासभर नाचत होत्या तेव्हा. मी काही म्हणायच्या आत वहिनीने ओळीतूनच मान वळवली, ‘यो गो बाय,’ आणि तिच्यासाठी हातभर जागा झाली. कथकचे पाय आधी फार नीट पडत होते. मोजून. मग शेजारणींनी दोन्हीकडून कमरेला घातलेल्या हातांनी तिला जसं ओढलं तसे पडू लागले. शब्द तिला येत नव्हते, पण समोरची ओळ आधी गाते, त्यामुळे नापास व्हायची सोय नव्हती. फोन माझ्या हातात, त्यावर यादीतल्या कुठल्याशा मैफलीची आठवण वाजून गेली, ती मी बंद केली.

घरी निघालो तेव्हा तिच्या ड्रेसच्या कडेला शेण आणि आवाज बसलेला. वाटेत तिने वहिनीला विचारलं, ‘उद्या किती वाजता?’

‘जेवण जातकच यो.’ जेवणं आटोपली की.

दिव्याच्या खांबाखाली थांबून तिने फोनमध्ये नोंद करायला घेतली. वेळेच्या चौकटीत काहीतरी आकडा घातल्याशिवाय फोन पुढे जाईना. ‘काकू, आपण जेवतो किती वाजता?’

‘सासूबाईंची मालिका संपली की,’ मी म्हटलं.