एच-४ ईएडी रिन्यूअल: पाच महिने घरी बसले, माझा अनुभव

अमेरिकेत नवरा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-४ वर, आणि मला काम करायला ईएडी हे वर्क परमिटचं कार्ड लागायचं. ऑगस्ट २०२० मध्ये आमच्या दोघांचे रिन्यूअलचे कागद एकाच लिफाफ्यातून गेले. नवऱ्याचं एच-वन एक्स्टेन्शन, माझा एच-४ वाढवायचा फॉर्म आय-५३९ आणि ईएडीचा फॉर्म आय-७६५. त्याचं प्रीमियममध्ये (जादा फी भरून लवकर निकाल) होतं, १५ दिवसांच्या आत अप्रूव्ह झालं. समजा अडकलं असतं तरी एच-वनवाल्याला केस पेंडिंग असताना मुदत संपल्यावरही २४० दिवस काम करता येतं. मला मात्र तेव्हा एक दिवसही जास्तीचा नव्हता, कार्डावरची तारीख संपली की काम बंद. आणि एच-४ वर बहुतेक बायकाच असतात, म्हणजे घरातली कोणाची नोकरी जाणार हे आधीच ठरलेलं.

फॉर्म भरणं सोपं आहे, त्यावर लिहीत बसत नाही. अडलं ते बायोमेट्रिक्सवर. मार्च २०१९ पासून आय-५३९ साठी प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला बोलवायला लागले, माणशी ८५ डॉलर, त्यात मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ती सेंटर्सच बंद, जुलैपासून हळूहळू उघडली पण तोवर केसेस इतक्या साठल्या होत्या की माझं पत्र यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. कार्ड ३१ जानेवारीला संपलेलं. रोज डोळे उघडले की आधी स्टेटस बघायचे, रोज तेच, 'केस वॉज रिसीव्ह्ड'. ठसे द्यायला दहा मिनिटं लागली हो! काचेवर बोटं ठेवली, एक फोटो काढला, झालं. व्हिसाच्या वेळी मुंबईत दिलेले ठसे होतेच की त्यांच्याकडे. अजून आठवलं तरी चिडचिड होते.

शुक्रवारी २९ जानेवारीला लॅपटॉप परत केला. एचआरची बाई चांगली होती, पण आय-९ (कामाचा परवाना तपासल्याचा, कंपनीने भरायचा फॉर्म) पुढे तिचंही काही चालेना. हा आय-९ आला अमेरिकेच्या १९८६ च्या इमिग्रेशन कायद्यातून. त्याच कायद्याने कागद नसलेल्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं आणि त्याच कायद्याने कागद तपासल्याशिवाय कामावर ठेवायचं नाही असंही ठरवलं. कागदाची किंमत मला मार्चमध्ये कळली. ओळखीच्या एकांनी विचारलं, आमचे हिशोब बघशील का, कॅश देतो, आणि रक्कम सांगितली ती माझ्या पगाराच्या निम्मीसुद्धा नव्हती. त्यांना माहीत होतं की मी दुसरीकडे कुठे जाऊ शकत नाही. मी नाही म्हटलं. तुम्हीही असलं काही करू नका, पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी अंगाशी येतं.

कार्ड जूनमध्ये आलं. माझ्या जागी तोवर दुसरा माणूस घेतला होता. नवीन ठिकाणी 'गॅप का?' विचारलं, खरं ते सांगितलं, आणि आधीपेक्षा कमी पगाराला हो म्हणावं लागलं. तो फरक भरून काढायला दोन वर्षं गेली.

१७ मे २०२१ पासून एच-४ ची ती बायोमेट्रिक्सची अट थांबवली, माझ्या वेळेला उपयोग नाही झाला पण बरं वाटलं. अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी करता येतो, पहिल्याच आठवड्यात पाठवा, नवऱ्याच्या कंपनीचा वकील 'बघू' म्हणाला तरी मागे लागा. माझ्या नंतर मधे सुरू झालेलं ऑटोमॅटिक एक्स्टेन्शनही (अर्ज पेंडिंग असताना जुन्या कार्डाला आपोआप मिळणारी मुदतवाढ) ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या रिन्यूअलला मिळत नाही. हां, आणि भारतातून परत आलात की आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीची, तारीख त्याच दिवशी डाउनलोड करून बघा, कार्डाची मुदत त्याच तारखेवर ठरते.