कोड परत मिळाला, टिपा मिळाल्या नाहीत

गेल्या पावसाळ्यात माझ्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली आणि एका पतसंस्थेसाठी 2006 साली व्हिज्युअल फॉक्सप्रो या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेल्या व्याज-आकारणीच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे मी लिहिलेला मूळ मजकूर, तिच्याबरोबर गेला. संस्थेत त्यापासून तयार केलेली ईएक्सई फाइल, म्हणजे थेट चालणारा प्रोग्रॅम, सुरळीत चालत होती, त्यामुळे रोजचे काम अडले नाही. पण मुदत ठेवींच्या नियमात बदल करायचा निरोप आला तेव्हा माझ्यापाशी बदलण्यासाठी काहीच नव्हते. बॅकअप म्हणून कपाटात जपलेल्या सीडीवर 2009 सालचा कोड निघाला. त्यानंतरच्या दुरुस्त्या कोठेच नव्हत्या.

फॉक्सप्रोचा कंपाइलर (कोडचे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणारे साधन) प्रोग्रॅम थेट यंत्रभाषेत न उतरवता पी-कोड नावाच्या मधल्या रूपात साठवतो आणि त्यात व्हेरिएबलची नावे शाबूत राहतात, म्हणूनच रिफॉक्स या डीकंपाइलरने, म्हणजे उलट दिशेने कोड काढणाऱ्या साधनाने, दुपारभरात बहुतेक सगळा कोड वाचता येईल असा परत दिला. तोच प्रोग्रॅम सी भाषेत असता तर हे इतके सहज झाले नसते. मात्र कोडच्या ओळींशेजारी माणसासाठी लिहिलेल्या खुलाशाच्या टिपा कंपाइलर ठेवत नाही. एका प्रोसीजरमध्ये ठरावीक खात्यांच्या 31 मार्चच्या व्याजातून एक दिवस वजा केलेला होता. ती ओळ मीच लिहिलेली, तिच्यावरच्या टिपेत संचालक मंडळाच्या ठरावाचा क्रमांकही मीच लिहिलेला, परंतु आता ती वजावट कशासाठी होती हे मला सांगता येईना. शेवटी सचिवांनी जुन्या इतिवृत्ताच्या वह्या काढून दिल्या आणि दोन दिवस पाने उलटल्यावर तो ठराव सापडला.

या दिवसांत मला गिटलॅब या, लोकांचा कोड साठवणाऱ्या ऑनलाइन सेवेची घटना वारंवार आठवत होती. 31 जानेवारी 2017 च्या रात्री तेथील एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसची सुमारे 300 जीबीची डिरेक्टरी पुसायला घेतली आणि चूक लक्षात येईपर्यंत जेमतेम साडेचार जीबी उरले. रोजचा बॅकअप पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्याने आधीपासूनच अयशस्वी होत होता, आणि तसे कळवणारे ईमेल समोरचा सर्व्हर नाकारत असल्याने कोणाला ते समजलेच नव्हते. सहा तासांपूर्वी चाचणीसाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची प्रत, होता, म्हणून बाकीचे वाचले. गिटमधला, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतला, कोड सुरक्षित राहिला; मधल्या तासांतल्या चर्चा आणि सुमारे 5,000 टिप्पण्या मात्र गेल्या. हे सारे त्यांनी लपवले नाही, दुरुस्तीचे काम लोकांसमोर थेट दाखवले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता माझा कोड गिटमध्ये आहे, एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक दूरच्या सर्व्हरवर असते, आणि ठरावाचा क्रमांक प्रत्येक कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात लिहिला जातो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या संगणकावर सर्व काही नव्याने उतरवून मी त्या कोडपासून प्रोग्रॅम तयार करतो आणि एका नमुना ठेवीचे व्याज हाताने केलेल्या हिशेबाशी ताडून पाहतो. या महिन्यात व्याज जुळले, पण एकही रिपोर्ट उघडेना, कारण रिपोर्टच्या एफआरएक्स फाइलींसोबत लागणाऱ्या एफआरटी फाइली गिटमध्ये घालायच्या राहून गेल्या होत्या. त्या त्याच दिवशी घातल्या आणि उतरवण्यापासून सगळी तपासणी पुन्हा केली.